आतल्या गोटातली बातमी

आपल्या मंडळाच्या डिरेक्टरीवर सहज नजर टाकली तरी लक्षात येतं की आपण किती वेगवेगळ्या धंद्यांत शिरलो आहोत. कुणी चिप डिझाइन करतं, कुणी औषध कंपनीत ट्रायलचा डेटा तपासतं, कुणी बँकेची सॉफ्टवेअर्स सांभाळतं, कुणी हॉस्पिटलात आहे, कुणी विमा कंपनीत. वॉल स्ट्रीटवरचा एखादा फंड मॅनेजर चुकून आपल्या पॉटलकला आला, तर पावभाजी बाजूला ठेवून वही-पेन काढून बसेल! त्यामुळे "काय, तुमच्या कंपनीचं कसं चाललंय? घेऊन ठेवू का शंभरेक शेअर्स?" हा प्रश्न आपल्याकडे "जेवलात का?" इतक्याच सहजतेने विचारला जातो.

या प्रश्नामागे एक समज आहे. आत बसलेल्या माणसाला बाहेरच्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून त्याला विचारून घेतलेला शेअर चांगला. हा समज सरसकट चुकीचा नाही. किंबहुना याच समजावर बऱ्याच अंशी उभं असलेलं एक पुस्तक साठ वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत वाचलं जातंय. ते म्हणजे फिलिप फिशर यांचं 'कॉमन स्टॉक्स अँड अनकॉमन प्रॉफिट्स'. मास्टर्स करायला २००३ साली इथे आलो, तेव्हा युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत ते पहिल्यांदा हाती लागलं. त्यानंतर दोन-तीनदा वाचून झालंय. यंदाच्या स्मरणिकेसाठी त्यावर लिहावंसं वाटलं, कारण फिशर यांचं नाव घेऊन आपल्यात जे चालतं त्यातलं बरंचसं पुस्तकात नाहीच. आणि पुस्तकात जे आहे त्यातलं काही आज जसंच्या तसं करायला गेलं, तर ब्रोकरऐवजी वकील शोधावा लागेल!

जहाजावरचं पिंप

फिशर (१९०७-२००४) हे सॅन फ्रान्सिस्कोचे गुंतवणूक सल्लागार. महामंदीच्या ऐन तडाख्यात, १९३१ साली, त्यांनी स्वतःची फर्म काढली. मोटोरोलाचे शेअर्स त्यांनी १९५५ साली घेतले आणि पुढे कित्येक दशकं विकलेच नाहीत. थोडक्या पण उत्तम कंपन्या शोधाव्यात आणि त्या धरून ठेवाव्यात, हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते त्यांनी १९५८ साली या पुस्तकात मांडलं.

उत्तम कंपनी ओळखायची कशी, यासाठी फिशर पंधरा प्रश्न देतात. कंपनीकडे पुढची काही वर्षं विक्री वाढेल असा माल आहे का, संशोधनावरच्या खर्चातून काही निष्पन्न होतं का, विक्री खातं कसं आहे, अधिकाऱ्यांचं आपसात जमतं का, असे. शेवटचा प्रश्न कंपनी चालवणाऱ्यांच्या सचोटीचा, आणि त्यात नापास झालेल्या कंपनीकडे बाकी सगळं उत्तम असलं तरी फिरकू नये असं ते बजावतात. यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं ताळेबंदात मिळत नाहीत. ती माणसांकडून मिळवावी लागतात. या माणसांकडून माहिती मिळवण्याच्या पद्धतीला फिशर 'स्कटलबट' म्हणतात.

शब्द मोठा गमतीदार आहे. जुन्या जहाजांवर पिण्याच्या पाण्याचं एक पिंप असे, त्याला स्कटलबट म्हणत. पाणी प्यायला आलेले खलाशी तिथे घटकाभर टेकत आणि जहाजावरच्या साऱ्या खबरा एकमेकांना देत. पुढे त्या गप्पांनाच ते नाव पडलं. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्या गावच्या पाणवठ्यावर हेच चालायचं. कुणाच्या घरात काय शिजतंय, कुणाची सून नांदत नाही, कुणाचं कर्ज थकलंय, सगळं तिथे कळायचं. मात्र पाणवठ्यावरची जाणती बाई एकीचं ऐकून कधी मत बनवत नसे. चौघींचं ऐकायची, कुणाचं कुणाशी वाकडं आहे ते ध्यानात घ्यायची आणि मग काय ते ठरवायची.

फिशर यांची पद्धत नेमकी हीच आहे. त्यांचा एक दाखला प्रसिद्ध आहे. एकाच धंद्यातल्या पाच कंपन्यांकडे जा. प्रत्येकीला उरलेल्या चौघींची बलस्थानं आणि कच्चे दुवे विचारा. दहापैकी नऊ वेळा पाचही कंपन्यांचं बारकाव्यांसह आणि बऱ्यापैकी अचूक चित्र तुमच्यापुढे उभं राहील. याखेरीज माल पुरवणारे, माल घेणारे, विद्यापीठातले आणि सरकारी खात्यातले संशोधक, व्यापारी संघटनांचे पदाधिकारी, कंपनी सोडून गेलेले कर्मचारी, या सगळ्यांशी बोला असं ते सांगतात. सोडून गेलेल्यांबद्दल एक इशाराही देतात : माणूस का सोडून गेला ते आधी तपासा, कारण त्याच्या बोलण्यात जुना राग असू शकतो.

यात दम आहे

माझा धंदा आयटी कन्सल्टिंगचा. सहा-आठ महिने एका क्लायंटकडे, मग दुसरीकडे. त्यामुळे फिशर काय म्हणतात ते मला रोजच्या कामात दिसतं. एक उदाहरण देतो. मोठ्या कंपन्यांत हिशेब, खरेदी, गोदाम, पगार हे सगळं सांभाळणारी अवाढव्य सॉफ्टवेअर्स असतात. ती वापरणाऱ्या कुणालाही विचारा, शिव्याच ऐकायला मिळतील. स्क्रीन जुनाट, सगळं हळू, साधा रिपोर्ट काढायला सतरा क्लिक. एवढंच ऐकणारा म्हणेल, ही सॉफ्टवेअर कंपनी आता बुडणार. पण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, बिलं मंजूर करणाऱ्या माणसाशी बोला. तो दरवर्षी मेन्टेनन्सच्या बिलावर कुरकुरतो आणि दरवर्षी सही करतो. कारण ते सॉफ्टवेअर काढून दुसरं बसवायचं म्हणजे काही वर्षांचा उपद्व्याप, आणि तो फसला तर त्याचीच नोकरी जायची. वापरणाऱ्याचा वैताग खरा आहे आणि सही करणाऱ्याची भीतीही खरी आहे. त्या सॉफ्टवेअर कंपनीचा नफा दुसऱ्या गोष्टीवर उभा आहे. हे कळायला दोघांशीही बोलावं लागतं. ताळेबंदात ते फक्त 'मेन्टेनन्सचं उत्पन्न' म्हणून एका ओळीत दिसतं.

वॉरन बफे यांच्यावर फिशर यांचा प्रभाव होता हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलंय. १९६३ च्या अखेरीस सॅलड ऑइलचा मोठा घोटाळा उघडकीला आला आणि त्यात अमेरिकन एक्स्प्रेसची एक उपकंपनी अडकली. शेअर कोसळला. तेव्हा बफे ओमाहातल्या एका रेस्टॉरंटमध्ये गल्ल्याशेजारी बसून लोक अजून ते कार्ड वापरतात का हे बघत होते. लोक वापरत होते. घोटाळ्यामुळे कंपनीला भुर्दंड बसणार होता, पण गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला नव्हता. बफे यांनी मोठी गुंतवणूक केली आणि ती चांगलीच फळली. यात कुठलं गुपित होतं? काहीच नाही. जे दिसत होतं ते कुणालाही दिसलं असतं, फक्त बाकीचे बघायला गेले नाहीत.

पुस्तकाचं खरं मोल हे आहे. शेअर म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर सरकणारा आकडा नसून माणसांनी चालवलेला धंदा आहे आणि त्या धंद्याची चौकशी करता येते, ही दृष्टी ते देतं. आपण मुलीसाठी स्थळ बघताना पत्रिकेवर थांबत नाही, चार ठिकाणी चौकशी करतो. आयुष्यभराची पुंजी गुंतवताना तेवढंही करू नये?

न वाचलेलं पान

आता पुस्तकाच्या मर्यादांकडे. त्याआधी एक मर्यादा वाचकांची.

फिशर यांच्या चाहत्यांपैकी बरेच जण पाणवठ्याच्या प्रकरणाशीच थांबतात. पण पुढे एका प्रकरणात फिशर स्वतः कंपन्या कशा शोधतात ते मोकळेपणाने सांगतात, आणि तिथे ते एक चकित करणारी कबुली देतात. ज्या कंपन्यांची चौकशी त्यांनी सुरू केली, त्यांतल्या साधारण एक पंचमांश कंपन्यांची कल्पनाच काय ती उद्योगांतल्या मित्रांकडून आली. बाकीच्या चार पंचमांश कल्पना गुंतवणुकीच्या क्षेत्रातल्या काही मोजक्या, कर्तबगार माणसांच्या निवडीवरून आल्या. म्हणजे 'कुठला शेअर घेऊ?' हा प्रश्न त्यांनी धंद्यातल्या माणसाला फारसा विचारलाच नाही! आधी कंपनी नक्की केली, कागदपत्रं वाचली, मग धंद्यातल्या लोकांकडे गेले, आणि तेही तपासून घ्यायला. कंपनीच्या अधिकाऱ्यांची भेट तर सगळ्यात शेवटी. निम्म्याहून अधिक माहिती हाती आल्याशिवाय तिकडे जाऊच नये असा त्यांचा दंडक होता.

आपल्याकडे हा क्रम बरोब्बर उलटा होतो. आधी टिप, मग खरेदी, मग भाव पडला की चौकशी!

पीटर लिंच यांच्या बाबतीत हाच प्रकार झाला. मॅजेलन फंड १९७७ ते १९९० या काळात चालवणाऱ्या लिंच यांनी 'वन अप ऑन वॉल स्ट्रीट' या १९८९ च्या पुस्तकात लिहिलं की सामान्य माणसाला आपल्या धंद्यातलं, आपल्या बाजारहाटातलं जे कळतं ते वॉल स्ट्रीटच्या आधी कळतं. डॉक्टरांनी तेल कंपन्यांच्या मागे लागण्यापेक्षा औषध कंपन्या बघाव्यात, असा त्यांचा रोख. लोकांनी त्याचा अर्थ 'जे आवडतं ते विकत घ्या' असा लावला. शेवटी २०१५ साली लिंच यांना जाहीरपणे सांगावं लागलं की कॉफी आवडली म्हणून त्या कंपनीचे शेअर्स घ्या असं मी कधी म्हटलंच नव्हतं. आवड ही चौकशीची सुरुवात होती, शेवट नव्हे.

आतल्या माणसाला न दिसणारं

आता पुस्तकाचा पहिला खरा कच्चा दुवा. आतल्या माणसाला काय दिसतं यावर फिशर भरभरून लिहितात. त्याला काय दिसत नाही यावर मात्र फारच कमी.

ह्यूस्टनची एनरॉन आठवा. ऑगस्ट २००० मध्ये तिचा शेअर नव्वद डॉलरच्या घरात होता. २ डिसेंबर २००१ ला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या कर्मचाऱ्यांच्या ४०१-के खात्यांतली साठ टक्क्यांच्या आसपास रक्कम एनरॉनच्याच शेअर्समध्ये होती. ही हजारो माणसं 'आतली'च होती की! रोज त्याच लिफ्टने वर जात होती. प्रत्येकाला आपापलं टेबल दिसत होतं आणि ते ठीकठाक दिसत होतं. घोटाळा ज्या कागदांत होता ते त्यांच्या टेबलावर येतच नव्हते. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. कंपनीतला माणूस सोंडेपाशी उभा असतो आणि सोंडेबद्दल तो अगदी खरं सांगतो.

दुसरं उदाहरण सिस्कोचं. मी आलो तेव्हा आमची सीनियर मंडळी २००० सालच्या पडझडीच्या कथा सांगायची, त्यात हे नाव हटकून यायचं. १९९९ साली कुठल्याही नेटवर्क इंजिनियरला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, इंटरनेट वाढणार, राउटर लागणार, आणि राउटर म्हणजे सिस्को. त्याचा शब्द न् शब्द खरा ठरला. इंटरनेट वाढलं, राउटर लागले, सिस्को टिकली, भरपूर नफाही कमावला. मार्च २००० मध्ये ती काही काळ जगातली सर्वांत मोलाची कंपनी होती. शेअरचा भाव होता ऐंशी डॉलरच्या आसपास, म्हणजे कमाईच्या शंभर पटींहूनही अधिक. पुढच्या अडीच वर्षांत त्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग वितळला आणि दोन दशकांहून अधिक काळ तो भाव पुन्हा दिसला नाही. इंजिनियरचं राउटरबद्दलचं ज्ञान पक्कं होतं. राउटरसाठी किती मोजावं हेही त्याला माहीत होतं. शेअरसाठी किती मोजावं याबद्दल त्याला तुमच्याआमच्याइतकंच ठाऊक होतं.

भावाच्या बाबतीत फिशर स्वतःही थोडे सैल आहेत. चांगली कंपनी सापडली की पाव डॉलर, अष्टमांश डॉलरसाठी घासाघीस करत बसू नका असं ते सांगतात. पाव डॉलरपुरतं ते बरोबर आहे. पण धंद्यातल्या माणसाचा उत्साह ऐकून आलेला वाचक त्यातून 'भाव बघायचं कारण नाही' असा अर्थ काढतो, आणि पुस्तक त्याला पुरेसं अडवत नाही.

आपल्या घरांच्या दृष्टीने यात आणखी एक मेख आहे. ज्या कंपनीबद्दल आपल्याला सर्वांत जास्त कळतं असं वाटतं, ती बहुधा आपलीच कंपनी असते. पगार तिचा, हेल्थ इन्शुरन्स तिचा, कित्येकांचा व्हिसा तिच्या नावावर, आणि वर बोनस म्हणून मिळालेले शेअर्सही तिचेच. हा झाला एकखांबी तंबू. कंपनी घसरली तर नोकरी आणि बचत एकाच आठवड्यात जाते आणि व्हिसावर असलेल्याला देश सोडायचे दिवस मोजावे लागतात. 'मला आतलं माहीत आहे' या विश्वासाची सर्वांत मोठी किंमत इथे मोजावी लागते, तीही कुठलाही गैरव्यवहार न करता.

कायदा कुठल्या कुठे गेला

दुसरा कच्चा दुवा पुस्तकाच्या वयाचा आहे, आणि तो जास्त गंभीर आहे.

फिशर यांनी लिहिलं १९५८ साली. नोव्हेंबर १९६३ मध्ये टेक्सास गल्फ सल्फर या कंपनीला कॅनडात टिमिन्सजवळ खनिजाचा प्रचंड साठा लागला. एप्रिल १९६४ मध्ये तो जाहीर होईपर्यंत कंपनीतल्या काही जणांनी गुपचूप शेअर्स घेतले. १९६८ साली अपील न्यायालयाने निकाल दिला : जवळ महत्त्वाची अप्रकाशित माहिती असेल तर ती जाहीर करा, नाहीतर व्यवहारापासून दूर राहा. पुढे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ओ'हेगन खटल्यात ही कक्षा वाढवली. ओ'हेगन हा वकील होता. त्याच्या फर्मचा क्लायंट पिल्सबरी ही कंपनी विकत घेऊ पाहत होता, आणि ओ'हेगनने पिल्सबरीच्या शेअर्समध्ये चाळीस लाखांहून अधिक डॉलर कमावले. तो पिल्सबरीचा नोकर नव्हता, तरी दोषी ठरला, कारण विश्वासाने हाती आलेली माहिती त्याने स्वतःसाठी वापरली. माझ्यासारख्या कन्सल्टंटने हा निकाल भिंतीवर टांगून ठेवावा! आणि ऑक्टोबर २००० पासून 'रेग्युलेशन एफडी' लागू झालं. कंपनीने एखाद्या विश्लेषकाला किंवा गुंतवणूकदाराला महत्त्वाची माहिती खासगीत द्यायची नाही, द्यायची तर सगळ्यांना. फिशर ज्या भेटींबद्दल लिहितात, त्यांतल्या गप्पांचा काही भाग आज कंपनीचा वकील मध्येच थांबवेल.

१६ ऑक्टोबर २००९ रोजी गॅलियन फंडाचे राज राजरत्नम यांना अटक झाली, तेव्हा इथल्या प्रत्येक देशी घरात तोच विषय होता. श्रीलंकेत जन्मलेले राजरत्नम, त्यांना माहिती पुरवणाऱ्यांत बिझनेस स्कूलचे भारतीय वर्गमित्र, मोठ्या कन्सल्टिंग फर्ममधले, चिप कंपनीतले. माफियांच्या मागे लावतात तसं फोन टॅपिंग सरकारने इथे लावलं होतं. राजरत्नम यांना २०११ साली अकरा वर्षांची शिक्षा झाली. मॅकिन्झीचे माजी प्रमुख रजत गुप्ता २०१२ साली दोषी ठरले. २३ सप्टेंबर २००८ ला बफे यांची कंपनी गोल्डमन सॅक्समध्ये पाच अब्ज डॉलर घालणार हे संचालक मंडळाच्या बैठकीत कळल्यावर, बाजार बंद व्हायला काही मिनिटं असताना त्यांनी राजरत्नम यांना फोन केला होता. ज्यांचं उदाहरण आपण मुलांना द्यायचो ते गृहस्थ दोन वर्षांची शिक्षा होऊन तुरुंगात गेले.

'ही बडी धेंडं, आपला काय संबंध?' असं वाटेल. संबंध आहे. डिसेंबर २०१० मध्ये एएमडी, फ्लेक्स्ट्रॉनिक्स आणि तैवानच्या टीएसएमसीमधल्या काही कर्मचाऱ्यांना अटक झाली. ही मंडळी मधल्या फळीतली, नोकरी करणारी, आपल्यासारखीच. ती एका 'एक्स्पर्ट नेटवर्क' कंपनीमार्फत फंडवाल्यांना फोनवर सल्ला द्यायची आणि त्याचा मोबदला घ्यायची. सल्ला देता देता विक्रीचे आकडे आणि येऊ घातलेल्या मालाची माहिती बाहेर गेली. स्कटलबटचा धंदा झाला की त्याचं काय होतं, त्याचा हा धडा.

पैसे घेतले नाहीत म्हणजे सुटलो, असंही नाही. २०१६ सालचा सलमान खटला प्रत्येक घरात माहीत असायला हवा. सिटीग्रुपमधल्या एका बँकरकडे त्याच्या भावाने मदत मागितली. बँकर म्हणाला, पैसे देतो. भाऊ म्हणाला, पैसे नकोत, माहिती दे. भावाने ती बँकरच्या मेहुण्याला दिली आणि मेहुण्याने कमाई केली. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की जवळच्या नातेवाइकाला दिलेली अशी माहिती ही भेटच आहे, आणि ती गुन्हा ठरायला पुरेशी आहे. मेहुण्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. भाऊ, भाऊ आणि मेहुणा! आपल्याकडे यालाच 'घरातल्या घरात' म्हणतात.

या गुन्ह्याला वीस वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, नफ्याच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जो नागरिक नाही त्याला शिक्षेनंतर देशाबाहेरही काढलं जाऊ शकतं. भारतातल्या डिमॅट खात्यातून व्यवहार करू म्हणाल, तर तिथेही सेबीचे नियम १९९२ पासून आहेत आणि २०१५ मध्ये ते नव्याने आले.

काही वर्षांपूर्वी एका परिचितांचा मला फोन आला. मी तेव्हा एका शेअर बाजारात नोंदलेल्या क्लायंटकडे होतो. "तुमच्या तिथे प्रोजेक्ट थांबवलाय म्हणे? काही गडबड आहे का?" मी म्हटलं, "दादा, त्याबद्दल मला बोलता येणार नाही." ते हसून म्हणाले, "अरे, मी काय कुणाला सांगणार आहे?" तरी मी विषय बदलला. ते दुखावले आणि त्यानंतर बरेच दिवस बोलण्यातला मोकळेपणा गेला. आपल्या समाजात 'नाही' म्हणणं म्हणजे परकेपणा दाखवणं. पण विचारणाऱ्याला कल्पना नसते की तो शंभर शेअर्सच्या फायद्यासाठी दुसऱ्याच्या घरादाराची जोखीम मागतोय.

फिशर यांचं एक वाक्य मला दरवेळी याच ठिकाणी अडखळवतं. माहिती देणाऱ्याचं नाव कधीही उघड होणार नाही याची त्याला शंभर टक्के खात्री पटली पाहिजे, असं ते सांगतात. १९५८ साली तो शिष्टाचार होता, बोलणाऱ्याची पंचाईत होऊ नये एवढाच हेतू. आज त्याच वाक्याने वाचकाला सावध करायला हवं. ज्या माहितीसाठी माणूस लपवावा लागतो, ती माहिती बहुधा विचारायचीच नसते. नव्या आवृत्त्यांत या जागी दोन ओळींची टीप असायला हवी असं मला फार वाटतं.

मग विचारायचं तरी काय?

विचारू नका, असं मी म्हणत नाही. धंद्याबद्दल विचारा, बातमी विचारू नका. 'या तिमाहीत आकडे कसे येणार?', 'ती कंपनी विकत घेताय का?', 'ट्रायलचा निकाल काय लागला?' ही झाली बातमी. 'तुमच्या क्षेत्रात गिऱ्हाईक एका कंपनीकडून दुसरीकडे इतक्या सहज का जात नाही?', 'तुमच्या स्पर्धकांपैकी कुणाचं काम तुम्हाला चांगलं वाटतं?', 'दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आता काय बदललंय?' ही झाली धंद्याची समज. चारचौघांत मोठ्याने सांगता येईल असं उत्तर असेल तर प्रश्न योग्य. दबक्या आवाजात यायला लागलं तर तिथेच थांबा.

दुसरं, एकाचं ऐकून थांबू नका. वापरणारा, विकणारा, स्पर्धक, असे किमान तीन कोन हवेत. त्यांचं म्हणणं एकमेकांशी जुळत नसेल तर घाई नको. तिसरं, धंदा कळला की भावाचा हिशेब वेगळा मांडा, त्यात मित्राचा उत्साह मिसळू नका. चौथं, आपल्या कंपनीचे शेअर्स जमत गेले तर नियमांच्या चौकटीत वेळोवेळी कमी करा. आणि हे सगळं करायला वेळ नसेल, जो दोन मुलांच्या आईबापांना बहुधा नसतोच, तर सरळ इंडेक्स फंड घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. पूर्णवेळ हेच काम करणारे फिशरसुद्धा थोड्याच कंपन्यांपर्यंत पोचत होते.

थोडक्यात

पुस्तक वाचावं का? जरूर वाचावं. भाषा थोडी जुन्या वळणाची आहे, वाक्यं लांबलचक आहेत, उदाहरणांतल्या कित्येक कंपन्या आज नावालाही उरलेल्या नाहीत. तरी कंपनीकडे धंदा म्हणून बघायला शिकवणारी पुस्तकं थोडी, त्यांत हे पहिल्या रांगेतलं. फक्त ते १९५८ साल मनात ठेवून वाचावं, आणि पाणवठ्याचं प्रकरण वाचून मिटू नये, पुढचंही वाचावं.

आपल्या पिढीने इथे दोन सूटकेसेस घेऊन येऊन जे उभं केलं, त्यात पैशाइतकीच मोलाची आणखी एक पुंजी आहे. अमक्या खात्यातला तो मराठी माणूस विश्वासाचा आहे, असं लोक म्हणतात ती. फिशर यांच्या पंधरा प्रश्नांतला शेवटचा प्रश्न कंपनीच्या सचोटीचा आहे. तो आधी स्वतःला विचारून मग शेअर निवडायला बसावं, एवढंच सुचवतो. पाहा पटतंय का.